कौल आणि पावती : सिनाईच्या वाळवंटातील सेंट कॅथरिन मठ

१/
सिनाईच्या वाळवंटातील एका ख्रिस्ती मठाच्या इतिहासात दोन कागदांना विलक्षण महत्त्व आहे. पहिला कागद म्हणजे महंमद पैगंबरांच्या नावाने असलेला अभयाचा कौल. त्याच्या अस्सलपणाविषयी अभ्यासकांना दाट शंका आहे. तरीही त्याने शतकानुशतके मठाचे रक्षण केले. दुसरा कागद म्हणजे एका जर्मन विद्वानाने १८५९ साली लिहून दिलेली पावती. ती निःसंशय अस्सल आहे. तरीही तिच्यावर विसंबून दिलेला ग्रंथ मठाला परत मिळाला नाही. या दोन कागदांमधून या मठाची जवळजवळ सारी कहाणी सांगता येते.

२/
हा मठ म्हणजे सेंट कॅथरिनचा मठ. इजिप्तच्या सिनाई द्वीपकल्पाच्या दक्षिण भागात, २,२८५ मीटर उंचीच्या जबल मूसा या डोंगराच्या पायथ्याशी, लालसर ग्रॅनाइटच्या कड्यांमध्ये तो उभा आहे. पूर्वेकडील ऑर्थोडॉक्स ख्रिस्ती परंपरेतील हा मठ ग्रीकभाषक आहे. सहाव्या शतकात तो बांधला गेला आणि तेव्हापासून आजतागायत तेथील उपासना खंडित झालेली नाही. जगातील ज्या ख्रिस्ती मठांमध्ये अखंड वस्ती राहिली, त्यांतील सर्वांत प्राचीन मठांपैकी तो एक होय. २००२ मध्ये युनेस्कोने या परिसराला जागतिक वारसास्थळाचा दर्जा दिला.

३/
स्थान निवडण्यामागे एक श्रद्धा आहे. मोशे मेंढरे चारीत असता त्याला जळणारे, पण जळून न जाणारे झुडूप दिसले आणि त्या झुडपातून ईश्वराने त्याला हाक मारली, अशी बायबलमधील कथा आहे. ते झुडूप येथेच होते, असे परंपरा मानते. मठाच्या आवारात आजही एक काटेरी झुडूप जपलेले आहे. चर्चच्या मागील बाजूस ‘जळत्या झुडपाचे’ छोटे प्रार्थनागृह आहे. ही भूमी पवित्र आहे, पायांतील जोडे काढ, अशी आज्ञा मोशेला झाली होती. म्हणून त्या प्रार्थनागृहात आजही पादत्राणे काढूनच प्रवेश करावा लागतो.

४/
जस्टिनियन सम्राटाच्या कितीतरी आधी येथे संन्यासी राहत होते. चौथ्या शतकाच्या अखेरीस, साधारणपणे ३८१ ते ३८४ या काळात, एजेरिया नावाची स्त्री पश्चिम युरोपातून पवित्र स्थळांच्या यात्रेला निघाली. तिने आपल्या प्रवासाची हकीकत लॅटिन भाषेत लिहून ठेवली आहे. सिनाईचा डोंगर ती पायी चढली. झुडपाजवळील चर्च, तेथील बाग आणि आसपासच्या गुहांमध्ये राहणारे संन्यासी यांचे वर्णन तिच्या लेखनात आढळते. मठाला तट नव्हता, फर्माने नव्हती. होती ती केवळ एकांताची ओढ.

५/
एकांत मात्र सुरक्षित नव्हता. टोळ्यांचे हल्ले होत आणि त्यांत संन्यासी मारले जात. सहाव्या शतकात बायझंटाइन सम्राट जस्टिनियन याने येथे चर्च आणि त्याभोवती ग्रॅनाइटचा भक्कम तट बांधविला. त्याच्या दरबारचा इतिहासकार प्रोकोपियस याने सम्राटाच्या बांधकामांवर लिहिलेल्या ग्रंथात याची नोंद केली आहे. तो तट आजही बहुतांशी उभा आहे. दुरून पाहणाऱ्यास हा मठ डोंगराच्या कुशीत बसलेल्या एखाद्या भुईकोटासारखा भासतो.

६/
या चर्चच्या बांधकामाचा काळ निश्चित होतो तो त्याच्या छपरामुळे. मूळ लाकडी तुळया आजही शाबूत आहेत आणि त्यांच्यावर ग्रीक लेख कोरलेले आहेत. एका लेखात जस्टिनियनच्या कल्याणासाठी प्रार्थना आहे; दुसऱ्यात दिवंगत सम्राज्ञी थिओडोराचे स्मरण आहे. थिओडोरा ५४८ मध्ये वारली, जस्टिनियन ५६५ मध्ये. म्हणजे सम्राज्ञी गेलेली आणि सम्राट हयात, अशा सतरा वर्षांच्या अवधीत हे छप्पर चढले. दगडी तटाला नेमके साल सांगता आले नाही. ते लाकडाने सांगितले.

७/
तिसऱ्या तुळईवर बांधणाऱ्याचे नाव आहे : ऐला गावचा स्तेफानोस. ऐला म्हणजे आजच्या अकाबाचा परिसर. या जागी प्रकट झालेल्या ईश्वराने आपल्यावर आणि नोन्नावर कृपा करावी, तसेच जॉर्ज, सर्जियस व थिओडोरा या आपल्या मुलांच्या आत्म्यांना शांती द्यावी, अशी त्याची विनवणी आहे. सम्राटाच्या नावासाठी बांधलेल्या वास्तूच्या छपरात एका कारागिराने आपल्या घरातील दुःखही ठेवले. पुढे खालून दुसरे छत बसविण्यात आले आणि हे लेख नजरेआड झाले. विसाव्या शतकात अभ्यासक त्या पोकळीत शिरले, तेव्हा ते पुन्हा वाचले गेले.

८/
चर्चमध्ये वेदीच्या वर, अर्धगोलाकार घुमटीत सहाव्या शतकातीलच एक भव्य मोझेक चित्र आहे. रंगीत काचेच्या आणि सोन्याचा मुलामा दिलेल्या बारीक तुकड्यांनी ते रचलेले आहे. विषय ख्रिस्ताच्या ‘रूपांतरा’चा. डोंगरावर ख्रिस्ताचे रूप शिष्यांच्या डोळ्यांदेखत तेजोमय झाले आणि त्याच्या दोन्ही बाजूंना मोशे व एलीया प्रकट झाले, ही ती कथा. सोनेरी पार्श्वभूमीवर निळ्या छटांच्या वलयात शुभ्र वस्त्रांतील ख्रिस्त उभा आहे. त्याच्या पायाशी पेत्र भुईवर पडलेला, दोन्ही अंगांना योहान आणि याकोब गुडघ्यांवर. भोवताली प्रेषितांच्या आणि संदेष्ट्यांच्या गोल चौकटींची माळ.

९/
हा विषय येथे का निवडला गेला, याचे उत्तर भूगोलात आहे. मोशे आणि एलीया या दोघांनाही ईश्वराचा साक्षात्कार झाला तो याच डोंगरावर, अशी परंपरा आहे. घुमटीच्या वरच्या भिंतीवर मोशे दोनदा येतो : एकदा झुडपापुढे वहाणेचा बंद सोडताना, एकदा धर्मशास्त्राचे लेख स्वीकारताना. बायबलनुसार मोशेला या डोंगरावर ईश्वराचे मुख पाहता आले नव्हते. खालच्या चित्रात तोच मोशे ख्रिस्ताच्या सन्मुख उभा आहे. तीन प्रसंगांची ही मांडणी ज्याने ठरविली, त्याला चित्रकलेइतकेच धर्मशास्त्रही अवगत असले पाहिजे. मिशिगन, प्रिन्स्टन आणि अलेक्झांड्रिया विद्यापीठांच्या संयुक्त मोहिमेने १९५८ ते १९६५ या काळात या वास्तूचा आणि तिच्या कलेचा पद्धतशीर अभ्यास केला.

१०/
मठाचे खरे वैभव मात्र लाकडी फळ्यांवर आहे. ऑर्थोडॉक्स परंपरेत ख्रिस्त, मरिया आणि संत यांच्या पूजनीय चित्रांना आयकॉन म्हणतात. सेंट कॅथरिनमध्ये अशी दोन हजारांहून अधिक चित्रे आहेत. त्यांतील सर्वांत जुनी सहाव्या-सातव्या शतकातील असून ती वितळलेल्या मेणात रंग कालवून काढलेली आहेत. ही पद्धत रोमन काळातील. इजिप्तमध्ये ममींवर बसविलेली व्यक्तिचित्रेही अशाच तंत्राने काढली जात. त्यामुळे या आयकॉनमधील चेहरे ठरीव साच्याचे वाटत नाहीत. ते एखाद्या ओळखीच्या माणसाचे वाटतात.

११/
यांतील सर्वांत प्रसिद्ध चित्र ‘पँटोक्रॅटर’ म्हणजे सर्वसत्ताधीश ख्रिस्ताचे. सहाव्या शतकातील हे चित्र ८४ सेंटिमीटर उंच आहे. उजवा हात आशीर्वादासाठी उचललेला, डाव्या हातात रत्नजडित ग्रंथ. चेहऱ्याच्या दोन बाजू एकसारख्या नाहीत. एक डोळा शांत, भुवई सरळ. दुसऱ्या बाजूची भुवई चढलेली, मुद्रा कठोर. एकाच मुखात दया आणि न्याय असावेत, असा त्याचा अर्थ अनेकांनी लावला आहे. तेराव्या शतकात या चित्रावर नव्याने रंग चढविला गेला होता. १९६२ मध्ये तो थर काढण्यात आला, तेव्हा मूळ मुद्रा उजेडात आली.

१२/
येथे एक प्रश्न उभा राहतो. बायझंटाइन साम्राज्याची राजधानी कॉन्स्टँटिनोपल. तिच्यापुढे सिनाई म्हणजे वाळवंटातील एक टोक. मग त्या काळातील आयकॉन राजधानीत जवळजवळ उरले नाहीत आणि सिनाईत मात्र उरले, हे कसे? याचे कारण आठव्या शतकात साम्राज्यात सुरू झालेला प्रतिमाभंजनाचा वाद. चित्रांची पूजा म्हणजे मूर्तिपूजा, अशी भूमिका सम्राट तिसरा लिओ याने घेतली. ७२६ ते ७८७ आणि पुन्हा ८१५ ते ८४३ असा दोन टप्प्यांत हा वाद चालला. असंख्य चित्रे नष्ट झाली, भित्तिचित्रे खरवडली गेली, चित्रांच्या कैवाऱ्यांचा छळ झाला.

१३/
सिनाई तोवर साम्राज्याच्या हाती राहिलेला नव्हता. सातव्या शतकाच्या मध्यास अरबांनी इजिप्त जिंकला आणि मठ खिलाफतीच्या हद्दीत आला. ख्रिस्ती सम्राटाचा प्रतिमाभंजनाचा हुकूम येथवर पोहोचू शकला नाही. चित्रांच्या बाजूने सर्वांत समर्थ युक्तिवाद करणारा धर्मवेत्ता, दमास्कसचा योहान, हाही मुस्लिम राजवटीतच राहत होता आणि म्हणूनच सम्राटाविरुद्ध निर्भयपणे लिहू शकला. ख्रिस्ती कलेतील ही अमोल चित्रे ख्रिस्ती सत्तेपासून वाचली, ती मुस्लिम सत्तेच्या छायेत असल्यामुळे. धर्म विरुद्ध धर्म अशा सरळ रेषेत हा इतिहास बसत नाही.

१४/
आता पहिल्या कागदाकडे वळता येईल. त्याचे नाव आश्तिनामा. फारसीत ‘आश्ती’ म्हणजे सलोखा. परंपरा अशी की, मठातील संन्याशांनी महंमद पैगंबरांकडे अभय मागितले. पैगंबरांनी ते दिले, अलींनी ते लिहून घेतले आणि पैगंबरांनी त्यावर आपल्या पंजाची मुद्रा उमटविली. संन्याशांवर कर बसवू नये, त्यांची प्रार्थनास्थळे पाडू नयेत, त्यांना आपल्या स्थानावरून हुसकावू नये, असा त्याचा आशय आहे. १५१७ मध्ये ऑटोमन सुलतान पहिला सलीम याने इजिप्त जिंकल्यावर मूळ कागद इस्तंबूलला नेला आणि मठाला त्याची नक्कल दिली, असे सांगतात. मठात आज आहेत त्या नकलाच.

१५/
बहुतेक अभ्यासक हा कौल नंतरच्या काळात रचला गेला असे मानतात. परंतु इतिहासाच्या दृष्टीने महत्त्वाचा प्रश्न वेगळा आहे : हा कागद खरा नसेल, तर तो चालला कसा? एका राज्यकर्त्याने तो मान्य करून फर्मान काढले, की पुढच्याला आधीचे फर्मान मोडणे कठीण जाई. शिवाय अशा कौलाचा मान राखण्यात राज्यकर्त्याच्या धर्मनिष्ठेचेही प्रदर्शन होई. पिढ्यान्‌पिढ्या मान्यता मिळत गेली आणि त्या मान्यतेनेच कागदाला बळ आले. शिक्क्यापेक्षा शिरस्ता मोठा ठरला.

१६/
हे अनुमान हवेतले नाही. मठाच्या दप्तरात फातिमी खलिफा, अय्युबी आणि मामलूक सुलतान, तसेच ऑटोमन बादशहा यांची अरबी व तुर्की फर्माने आणि इतर कागदपत्रे मोठ्या संख्येने जतन केलेली आहेत. स्थानिक अंमलदारांनी संन्याशांना उपद्रव देऊ नये, त्यांच्या बागा व उत्पन्न यांना हात लावू नये, अशा स्वरूपाच्या आज्ञा त्यांत आहेत. एकच आज्ञा पुन्हा पुन्हा काढावी लागली, यावरून उपद्रव होत होता हेही उघड होते. अभय एकदा मिळून संपत नसे. दर नव्या सत्तेकडून ते नव्याने मिळवावे लागे. ग्रंथांइतकीच दप्तरे सांभाळण्याची सवय या मठाला लागली, ती अशी.

१७/
तटाच्या आत, चर्चच्या समोरच एक मशीद आहे. तिच्यातील लाकडी मिंबर, म्हणजे प्रवचनपीठ, ११०६ सालचे असून त्यावर फातिमी खलिफा अल-आमिर आणि त्याचा वजीर अल-अफ्दल यांचा उल्लेख आहे. ही मशीद मठातील एका जुन्या इमारतीतच थाटली गेली. खलिफा अल-हाकिम याच्या कारकिर्दीत १००९ मध्ये जेरुसलेमचे पवित्र थडग्याचे चर्च पाडले गेले होते. आपल्यावर तशी वेळ येऊ नये म्हणून संन्याशांनी स्वतःच मशीद उभारली, अशी आख्यायिका आहे. आख्यायिका बाजूला ठेवली, तरी घंटाघर आणि मिनार शेजारी शेजारी उभे आहेत, हे वास्तव उरते.

१८/
मठाचे रक्षण कागदांनी केले, तसेच शेजाऱ्यांनीही. मठाभोवती जबालिया नावाची बदाऊन जमात राहते. ‘जबल’ म्हणजे डोंगर, त्यावरून जबालिया. जस्टिनियनने मठाच्या चाकरीसाठी आणि रक्षणासाठी जी कुटुंबे येथे वसविली, त्यांचे आपण वंशज, असे ही जमात सांगते. दहाव्या शतकातील अलेक्झांड्रियाचा धर्माध्यक्ष युटिकियस याच्या इतिहासातही अशा कुटुंबांची हकीकत आहे. जमात पुढे मुस्लिम झाली; मठाशी असलेले नाते मात्र तुटले नाही. बागा राखणे, यात्रेकरूंना वाट दाखविणे, मठाची कामे करणे, असा हा संबंध आजही टिकून आहे.

१९/
‘सेंट कॅथरिन’ हे नाव मठाला उशिरा मिळाले. कॅथरिन ही अलेक्झांड्रियाची हुतात्मा. तिचा देह देवदूतांनी सिनाईच्या सर्वोच्च शिखरावर नेऊन ठेवला आणि तो पुढे संन्याशांना सापडला, अशी कथा आहे. अकराव्या शतकापासून पश्चिम युरोपात तिची भक्ती झपाट्याने वाढली आणि दूरदूरचे यात्रेकरू सिनाईकडे येऊ लागले. जस्टिनियनने मरियेसाठी बांधलेल्या चर्चचा मठ हळूहळू कॅथरिनच्या नावाने ओळखला जाऊ लागला.

२०/
बाराव्या शतकातील एक छोटे आयकॉन मठवासीयांची आपल्याच जीवनाकडे पाहण्याची दृष्टी दाखविते. सातव्या शतकात या मठाचा प्रमुख असलेल्या योहान क्लिमाकस याने ‘शिडी’ नावाचा ग्रंथ लिहिला. त्यात संन्याशाच्या साधनेच्या तीस पायऱ्या सांगितल्या आहेत. चित्रात सोनेरी अवकाशातून तिरकी शिडी वर जाते. तिच्या टोकाशी ख्रिस्त आहे. संन्याशांची रांग चढते आहे. काळ्या छायांसारखी भुते धनुष्ये आणि दोर घेऊन त्यांना खाली खेचीत आहेत. काही जण अगदी वरच्या पायऱ्यांवरून कोसळत आहेत. पुण्यवंतांच्या मठात टांगलेल्या या चित्राने पडणाऱ्यांना लपविले नाही.

२१/
जगापासून मठाने अंतर राखले, ते शब्दशः. कित्येक शतके तटाचे मुख्य द्वार बंद असे. येणाऱ्याला तटावरून सोडलेल्या दोरावर बसवून रहाटाने वर ओढून घेतले जाई. एकोणिसाव्या शतकातील प्रवाशांनी याची चित्रेही काढली आहेत. १७९८ मध्ये इजिप्तवर स्वारी करणाऱ्या नेपोलियननेही मठाला संरक्षणाचे पत्र दिले आणि १८०१ मध्ये त्याच्या सैन्याकडून तटाच्या पडझडीची दुरुस्ती झाली. अशा प्रकारे आणखी एका सत्तेचा कागद दप्तरात जमा झाला. तथापि, यापुढचा पाहुणा सैन्य घेऊन आला नाही. तो विद्वत्ता घेऊन आला.

२२/
कॉन्स्टँटिन टिशेनडॉर्फ हा लाइपझिगचा तरुण पंडित. बायबलचा प्राचीनतम पाठ शोधून काढणे हा त्याचा ध्यास होता. १८४४ मध्ये तो सिनाईला आला आणि तेथे त्याला चर्मपत्रावरील ग्रीक बायबलची अतिप्राचीन पाने दिसली. त्यांतील ४३ पाने तो जर्मनीला घेऊन गेला. ही पाने एका टोपलीत जाळण्यासाठी ठेवली होती, असे त्याने पुढे लिहिले. मठाने हे कधीच मान्य केले नाही. सुटी पाने टोपलीत ठेवण्याची पद्धत होती, आणि चर्मपत्र सरपणाच्या कामाचे नसते. तरीही ‘अडाणी संन्याशांपासून ग्रंथ वाचविणारा पंडित’ ही प्रतिमा युरोपात रूढ झाली.

२३/
१८५९ मध्ये तो तिसऱ्यांदा आला, तेव्हा रशियाचा झार दुसरा अलेक्झांडर याचा आश्रय त्याच्या पाठीशी होता. ४ फेब्रुवारीच्या संध्याकाळी मठाच्या कारभाऱ्याने कापडात गुंडाळलेला एक गठ्ठा त्याच्यापुढे ठेवला. त्यात त्याच ग्रंथाची ३४७ पाने होती. हाच ‘कोडेक्स सिनाइटिकस’. चौथ्या शतकाच्या मध्यास लिहिलेल्या या ग्रंथात बायबलच्या नव्या कराराची आज उपलब्ध असलेली सर्वांत जुनी संपूर्ण प्रत आहे. प्रत्येक पानावर बहुधा चार स्तंभ, सुबक मोठी अक्षरे आणि अनेक हातांनी केलेल्या हजारो दुरुस्त्या.

२४/
ग्रंथ आधी नकलेसाठी कैरोला नेण्यात आला. त्याच वर्षी २८ सप्टेंबरला टिशेनडॉर्फने पावती लिहून दिली. नकलेची मूळ प्रतीशी तुलना करण्यासाठी आपण हा ग्रंथ पीटर्सबर्गला नेत आहोत आणि मठाने मागणी करताच तो सुखरूप परत करू, असा तिचा आशय होता. ग्रंथ गेला. १८६२ मध्ये त्याची शाही प्रतिकृती छापून निघाली. त्या काळात मठात आर्चबिशपच्या नेमणुकीचा तीव्र वाद चालू होता आणि रशियाच्या पाठिंब्याची गरज दोन्ही बाजूंना होती. १८६९ मध्ये नव्या आर्चबिशपने दानपत्रावर सही केली; मठाला काही हजार रूबल मिळाले.

२५/
उसनवारीचे दान झाले. हे दान खुशीचे होते की दबावाचे, यावर आजही मतभेद आहेत. सही खरी आहे, हे मान्य. पण आधी वस्तू हातातून गेली आणि मग दशकभराने तिचे दानपत्र झाले, हा क्रमही तितकाच खरा. येथे दोन कागदांमधील फरक स्पष्ट होतो. शंकास्पद कौलाला प्रत्येक सत्तेने स्वतः बांधून घेतले होते, म्हणून तो चालला. अस्सल पावतीला बांधून घेणारे कोणी नव्हते, म्हणून ती निष्फळ झाली. कागदाचे सामर्थ्य तो पाळणाऱ्याच्या मनात असते.

२६/
याच ग्रंथालयात दुसऱ्या प्रकारची विद्वत्ताही येऊन गेली. ॲग्नेस स्मिथ लुईस आणि मार्गारेट डनलॉप गिब्सन या स्कॉटलंडच्या जुळ्या बहिणी. स्त्रियांना त्या वेळी केंब्रिज विद्यापीठाची पदवी मिळत नव्हती. त्या घरी राहून भाषा शिकल्या. १८९२ मध्ये उंटांवरून वाळवंट ओलांडून त्या मठात आल्या. संत स्त्रियांच्या चरित्रांच्या एका सिरियाक हस्तलिखितात, वरच्या अक्षरांखाली ॲग्नेसला पुसलेली जुनी अक्षरे दिसली. ती शुभवर्तमानांच्या अतिप्राचीन सिरियाक भाषांतराची होती.

२७/
चर्मपत्र महाग असे; म्हणून जुना मजकूर खरवडून त्यावर नवा लिहिण्याची रीत होती. अशा पानांत दोन ग्रंथ एकावर एक नांदतात. बहिणींनी पानापानाची छायाचित्रे घेतली, ती केंब्रिजच्या पंडितांना दाखविली आणि पुढच्या वर्षी त्यांना घेऊन त्या पुन्हा सिनाईला आल्या. वाचन झाले, ग्रंथ छापला गेला, त्यांची कीर्ती झाली. हस्तलिखित मात्र मठातच राहिले. ज्ञान बाहेर नेण्यासाठी वस्तू बाहेर न्यावीच लागते असे नाही, हे टिशेनडॉर्फनंतर अवघ्या तेहतीस वर्षांत सिद्ध झाले.

२८/
कोडेक्सचा प्रवास संपलेला नव्हता. रशियात क्रांती झाली. सोव्हिएत सरकारला परकीय चलन हवे होते आणि बायबल नको होते. १९३३ मध्ये त्याने हा ग्रंथ ब्रिटिश म्युझियमला १,००,००० पौंडांना विकला. त्यांतील निम्म्याहून अधिक रक्कम सर्वसामान्य लोकांच्या वर्गणीतून उभी राहिली. परत करण्याच्या बोलीवर मठाबाहेर गेलेला ग्रंथ असा बाजारात विकला गेला, आणि विकत घेणाऱ्यांनी तो भक्तिभावाने विकत घेतला.

२९/
१९७५ मध्ये तटाच्या उत्तर बाजूला, सेंट जॉर्जच्या प्रार्थनागृहाखाली ढिगारा उपसताना एक विस्मृत खोली उघडी पडली. तीत हजाराहून अधिक हस्तलिखिते आणि त्यांचे तुकडे होते. त्यांत कोडेक्स सिनाइटिकसची १२ पाने आणि काही तुकडेही निघाले. ज्या मठाला आपला ग्रंथ सांभाळता आला नाही, असे जगाला सांगितले गेले होते, त्या मठाच्याच भिंतीने त्या ग्रंथाचा उरलेला अंश नकळत जपला होता.

३०/
याच साठ्यात एक भाषाही मिळाली. कॉकेशसमध्ये, आजच्या अझरबैजानच्या भूमीत, एकेकाळी ‘अल्बानिया’ नावाचे ख्रिस्ती राज्य होते. युरोपातील अल्बानियाशी त्याचा संबंध नाही. त्याच्या लिपीची अक्षरे आणि थोडे शिलालेख ज्ञात होते. ग्रंथ एकही उरला नव्हता. जॉर्जियाचे विद्वान झाझा अलेक्सिद्झे यांना १९९० च्या दशकात सिनाईतील जॉर्जियन हस्तलिखितांखाली पुसलेली ती लिपी ओळखू आली. निरनिराळ्या तरंगलांबीच्या प्रकाशात छायाचित्रे घेऊन तो मजकूर वाचण्यात आला. २००८ मध्ये त्याचे प्रकाशन झाले. एका नष्ट झालेल्या साहित्याचा जवळजवळ एकमेव पुरावा वाळवंटातल्या एका बंद खोलीत होता.

३१/
आज कोडेक्सची ३४७ पाने लंडनमध्ये, ४३ लाइपझिगमध्ये, १२ पाने व तुकडे सिनाईत आणि काही तुकडे पीटर्सबर्गमध्ये आहेत. चारही संस्थांनी एकत्र येऊन २००९ मध्ये सर्व पाने इंटरनेटवर खुली केली. पडद्यावर ग्रंथ पुन्हा एकसंध झाला. पाने आपापल्या ठिकाणीच राहिली. या सहकार्यासाठी ग्रंथ बाहेर कसा गेला याची हकीकतही संस्थांना एकत्र बसून ठरवावी लागली, आणि १८५९ ची ती पावती पुन्हा वाचली गेली.

३२/
कागदांचा प्रश्न मठापुढे पुन्हा उभा राहिला आहे. मे २०२५ मध्ये इजिप्तमधील न्यायालयाने मठ आणि त्याच्या परिसरातील जमिनी यांची मालकी राज्याची असून संन्याशांना तेथे उपासना करण्याचा व वापराचा हक्क आहे, असा निर्णय दिला. ग्रीस सरकारने आणि ऑर्थोडॉक्स चर्चने त्यावर तीव्र चिंता व्यक्त केली. मठाचे पावित्र्य अबाधित राहील, अशी ग्वाही इजिप्तने दिली. चौदाशे-पंधराशे वर्षे एका जागी राहणाऱ्यांकडे त्या जागेचा कोणता दस्तऐवज असावा, हा प्रश्न ऐकायला सोपा आहे. आधुनिक राज्याला नोंदणीकृत खत समजते. वहिवाट, कौल आणि शेजार यांची भाषा त्याला अवघड जाते.

३३/
मठात आज मोजकेच संन्यासी राहतात. पहाटेची ग्रीक प्रार्थना अद्याप होते, जबालिया माणसे बागांत काम करतात, प्रार्थनागृहाच्या उंबऱ्याबाहेर लोक पादत्राणे काढून ठेवतात. मेणात रंगविलेला तो ख्रिस्त एका डोळ्याने शांत आणि दुसऱ्याने कठोर पाहत असतो. तटाने, फर्मानांनी आणि भिंतीतल्या बंद खोलीने या मठाला पुष्कळ काही राखून दिले. परंतु प्रत्येक वेळी निर्णायक ठरले ते दिलेला शब्द कोणी पाळला आणि कोणी पाळला नाही, एवढेच. कौल खरा की खोटा याचा निकाल कदाचित कधीच लागणार नाही; तो पाळला गेला, हे मात्र इतिहासात नोंदले गेले आहे.

#इतिहास #धागा #सिनाई